पंधरा ते आठ, मधला ठिपका

दिवाळी जवळ आली की पोरी एकमेकींना विचारतात, "ठिपके किती गं?" उत्तर येते, "पंधरा ते आठ, मधला ठिपका." एवढ्या पाच शब्दांवर चित्र न पाहताही सारे ठिपके बरोबर मांडले जातात. मधल्या ओळीत पंधरा, मग वर-खाली प्रत्येक ओळीत एकेक कमी. संगणकाला कामाला लावायचे तर असेच सांगावे लागते. त्या सांगण्यालाच 'प्रोग्रॅम' म्हणतात. मैत्रीण न सांगितलेलेही समजून घेते, यंत्र घेत नाही, एवढाच फरक.

चित्रकला म्हणजे फावल्या वेळचा उद्योग आणि संगणक म्हणजे शहरातल्या पोरांची नोकरी, अशी वाटणी आपण करून टाकतो. त्यात रांगोळीत हात बसलेली मुलगी दोन्हीकडून सुटते.

व्हेरा मोल्नार या चित्रकर्तीने ही वाटणी मानली नाही. जन्म १९२४ चा, हंगेरीतील बुडापेस्टचा. १९४७ पासून मुक्काम पॅरिसला. १९५९ च्या सुमारास त्यांनी नामी युक्ती काढली. यंत्र हाताशी नव्हते, म्हणून ते आहे असे धरूनच चालायचे! आधी नियम लिहायचा, मग तो हाताने पायरी-पायरीने पाळायचा. वाटले म्हणून रेघ वळवायची नाही. अशी नऊ वर्षे गेली. १९६८ साली खरा संगणक वापरायला मिळाला, तेव्हा वय चव्वेचाळीस. मग फोरट्रान ही गणिती कामाची भाषा शिकल्या. सुरुवातीला समोर पडदाही नव्हता. सूचना द्यायच्या आणि पेन धरलेले यंत्र कागदावर काय उमटवते याची वाट पाहायची.

त्यांचा आवडता विषय साधा चौकोन. चौकोनात चौकोन, ओळीने मांडलेले. मग यंत्राला सांगायचे, कोपरे जरासे हलव. सारे सरळ असले तर डोळा कंटाळतो, सारेच विस्कटले तर पसारा होतो. शंभरात एक भाग विस्कट, हे माप त्यांना प्रिय होते.

त्यांची आई बुडापेस्टहून पत्रे पाठवी. अक्षर डावीकडे नीट, उजवीकडे जाता जाता थरथरलेले. आई गेल्यावर मोल्नारबाईंनी तेच वळण प्रोग्रॅममध्ये बसवले. ओळीच्या आरंभी थरथर कमी, शेवटी जास्त. त्यात एकही शब्द वाचता येत नाही, तरी ते पत्र आहे हे कळते. यंत्राचे चित्र कोरडेच असते म्हणणाऱ्यांनी ही पत्रे पाहावीत.

आपल्या देशात अभ्यास उलट बाजूने झाला. तमिळ बायका दारात काढतात त्या कोलमचे नियम गिफ्ट सिरोमनी, राणी सिरोमनी आणि कमला कृतिवासन यांनी १९७४ साली संगणकशास्त्राच्या शोधनिबंधात मांडले. अंगणातली कला विद्वानांच्या कामी आली ती अशी.

आज शिकणे पुष्कळ सोपे आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ साली खास चित्रकारांसाठी 'प्रोसेसिंग' तयार केले. ते फुकट मिळते. त्याचेच 'पी-फाइव्ह' हे भावंड इंटरनेट असलेल्या मोबाइलवरही चालते, मात्र बोटांनी टंकणे जिकिरीचे, शाळेतला संगणक मिळाला तर बरे. शब्द इंग्रजी, पण आरंभाला 'लाइन', 'सर्कल' असे पाच-सहाच पुरतात. प्रत्येक शब्दापुढे आकडे द्यायचे: डावीकडून किती, वरून किती. मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यातून होते, तिथे नवशिके हमखास गोंधळतात.

पहिला धडा चौकटीच्या वहीतच करावा. दहा ओळी, ओळीत दहा चौकोन. नियम शब्दांत लिहावा, मग तोच यंत्राला सांगावा. जमले की 'रँडम' हा शब्द घालून कोपरे किंचित हलवावेत, आणि आकडा थोडाथोडा वाढवत चित्र कुठे जिवंत वाटते व कुठे बिघडते ते पाहावे.