मधुमेहातील वृक्कपरीक्षण : क्रिएटिनिन ‘प्राकृत’ असताना

मधुमेही रुग्ण अहवाल पुढे करतो. सीरम क्रिएटिनिन १.१ मिलिग्रॅम प्रतिडेसिलिटर, शेजारी प्राकृत मर्यादा ०.६ ते १.२, आणि आकड्याजवळ कोणतीही खूण नाही. “म्हणजे किडनी चांगली आहे ना, डॉक्टर?” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. या एका आकड्यावरून होकार देता येत नाही, हे स्पष्ट करण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे. आपल्या चिकित्सालयांत प्रमेहाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, आणि त्यांतील अनेकजण वर्षानुवर्षे केवळ साखर तपासून घेत असतात.

क्रिएटिनिन हे मांसधातूच्या चयापचयातून नित्य निर्माण होणारे मलद्रव्य आहे. वृक्कांतील सूक्ष्म केशिकागुच्छ ते रक्तातून गाळतात. रक्तातील त्याची पातळी त्यामुळे दोन गोष्टींवर ठरते : ते किती निर्माण होते आणि किती गाळले जाते. पहिली गोष्ट विसरली की दुसरीचा अर्थ चुकतो. तोच १.१ हा आकडा तीस वर्षांच्या पुरुषात आढळला, तर २०२१ च्या सी.के.डी.-एपी सूत्रानुसार अनुमानित गालनवेग, म्हणजेच ई-जी.एफ.आर., मिनिटाला सुमारे ९३ मिलिलिटर येतो. अडुसष्ट वर्षांच्या स्त्रीत तोच आकडा आला, तर हा वेग सुमारे ५५ भरतो. पहिल्याच्या वृक्कांविषयी या आकड्यापुरती तरी चिंता नाही. दुसरीचे गालन तीन महिने याच पातळीवर राहिले, तर ती दीर्घकालीन वृक्कविकाराच्या तिसऱ्या अवस्थेत मोडते. अहवालावर मात्र दोघांचेही क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च छापलेले असते.

म्हणून प्रयोगशाळेने ई-जी.एफ.आर. छापला नसेल, तर वय व लिंग घालून तो काढवून घ्यावा. अवस्था अशा : ९० व त्याहून अधिक पहिली, ६० ते ८९ दुसरी, ३० ते ५९ तिसरी (४५ च्या वर व खाली असे तिचे दोन भाग), १५ ते २९ चौथी आणि १५ च्या खाली पाचवी. अर्थात हेही अनुमानच आहे. कृश, मांसक्षय झालेल्या वृद्धात क्रिएटिनिन मुळातच कमी बनते, त्यामुळे सूत्राने येणारा वेग प्रत्यक्षाहून चांगला दिसतो. अशा रुग्णात सिस्टॅटिन-सी ही तपासणी अधिक विश्वसनीय, कारण ती मांसधातूवर फारशी अवलंबून नसते. उलटपक्षी व्यायामशाळेत जाऊन क्रिएटिनची भुकटी घेणाऱ्या तरुणाचा, किंवा आदल्या रात्री भरपूर मांसाहार केलेल्याचा आकडा वृक्क निरोगी असतानाही वाढलेला दिसू शकतो.

युरियाच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे. काही प्रयोगशाळा युरिया देतात, काही ‘बी.यू.एन.’ देतात; बी.यू.एन.ला २.१४ ने गुणले की युरिया मिळतो. दोन ठिकाणचे अहवाल शेजारी ठेवून ‘युरिया दुप्पट झाला’ असे म्हणणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. जलक्षय, आहारातील अधिक प्रथिने किंवा आमाशयातील रक्तस्राव यांनीही युरिया वाढतो. वमन-विरेचनानंतर लगेच ही तपासणी करू नये, हे ओघाने आलेच.

मूत्राची साक्ष आधी

मधुमेहात खरी अडचण याहूनही अलीकडची आहे. व्याधीच्या आरंभी पुष्कळ रुग्णांत गालनवेग कमी न होता वाढतो. केशिकागुच्छांवर दाब वाढलेला असतो, वृक्क अधिक काम करीत असतात, आणि क्रिएटिनिन उलट उत्तम दिसते. याच काळात गाळणीची वीण सैल होऊन अल्ब्युमिन मूत्रात उतरू लागते. रक्तातील आकडा हलण्याच्या कितीतरी वर्षे आधी मूत्र साक्ष देते. प्रमेहाचे निदान प्रभूत आणि आविल मूत्रावरून करणाऱ्या, आणि वृक्कांना मेदोवह स्रोतसाचे मूल मानणाऱ्या शास्त्राच्या अभ्यासकांना हे परके वाटू नये. तथापि अल्ब्युमिन म्हणजे अमुकच दोष वा दूष्य, असे समीकरण मांडण्याचा मोह आम्ही टाळतो.

मागवायची तपासणी म्हणजे मूत्रातील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर, ए.सी.आर.; शक्यतो सकाळच्या पहिल्या मूत्राचे. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन प्राकृत, ३० ते ३०० मध्यम वाढलेले, ३०० च्या वर तीव्र वाढलेले. साधी पट्टी किंवा मूत्र उकळून पाहण्याची आपली जुनी परीक्षा या मधल्या पायरीवर बहुधा काहीच दाखवीत नाही, आणि उपचाराने सर्वाधिक साधण्याजोगी पायरी तीच असते. ज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग, अतिव्यायाम, आर्तवकाल किंवा अतिशय वाढलेली साखर व रक्तदाब यांत अल्ब्युमिन तात्पुरते वाढते. म्हणून तीन महिन्यांच्या काळात तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ते ग्राह्य धरावे. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात ही तपासणी व ई-जी.एफ.आर. निदानाच्या दिवसापासून दरवर्षी करावीत. पहिल्या प्रकारात पाच वर्षांनंतर.

दोन्ही आकडे एकत्र वाचावेत. ई-जी.एफ.आर. ९५ पण ए.सी.आर. २५० असा चाळिशीतील रुग्ण, आणि ई-जी.एफ.आर. ६२ पण ए.सी.आर. १० असा पंचाहत्तरीचा वृद्ध, यांत अधिक काळजी पहिल्याची करावी. सोनोग्राफीत वृक्कांचा आकार प्राकृत आला म्हणून निश्चिंत होऊ नये. मधुमेहात विकार पुढे गेल्यावरही तो बहुधा आक्रसत नाही.

चिकित्सेवर होणारा परिणाम

एक लक्षण विशेष सांगण्याजोगे आहे. दीर्घकाळचा मधुमेही सांगतो की गेल्या काही महिन्यांत साखर आपोआप उतरली, इन्सुलिन कमी करावे लागले. त्याने नुकतेच आपले औषध सुरू केले असेल, तर श्रेय औषधाला देण्याचा मोह होतो. परंतु इन्सुलिनचा पुष्कळसा निचरा वृक्कांतूनच होतो. वृक्क क्षीण झाले की तेच इन्सुलिन अधिक काळ टिकते, ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळ्याही शरीरात साचतात, आणि साखर धोकादायक रीतीने खाली येते. त्यातच पांडुता असेल तर एच.बी.ए.वन.सी. खोटा चांगला दिसू शकतो. अशी ‘सुधारणा’ दिसली की औषधाचे गुणगान करण्यापूर्वी ई-जी.एफ.आर. पाहावा. मेटफॉर्मिनही ३० च्या खाली वर्ज्य आहे, आणि ४५ च्या खाली नव्याने सुरू करीत नाहीत.

याउलट रक्तदाबाच्या एनालाप्रिल, टेल्मिसार्टन इत्यादी गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडे वाढते. ३० टक्क्यांपर्यंतची ही वाढ सामान्यतः स्वीकार्य मानतात, कारण केशिकागुच्छांवरील दाब उतरल्याचा तो परिणाम असतो. ‘अ‍ॅलोपॅथीच्या गोळीने किडनी बिघडली’ असे सांगून ती बंद करविणे रुग्णाच्या हिताचे नाही. वाढ याहून अधिक असेल किंवा पोटॅशियम वाढले असेल, तर मूळ चिकित्सकाला कळवावे.

आपल्या पेटीतील औषधांकडेही याच दृष्टीने पाहावे लागते. यवक्षार हे मुख्यत्वे पोटॅशियमचे लवण आहे. श्वेत पर्पटीत सोरा आहे. चंद्रप्रभेतही क्षार व लवणे आहेत. मूत्रल म्हणून हे कल्प सहज लिहिले जातात. ई-जी.एफ.आर. ३० च्या आसपास असलेल्या, त्यातही वरील रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णात पोटॅशियम वाढून हृदयाची गती बिघडण्याचा धोका खरा आहे. रोज शहाळ्याचे पाणी पिण्याचा सल्लाही तेथे घातक ठरतो. रसौषधींविषयीचे आमचे मत सर्व व्यवसायबंधूंना रुचेल असे नाही : पारद शरीरात प्रामुख्याने वृक्कांतच साठतो. त्यामुळे ई-जी.एफ.आर. ६० च्या खाली किंवा ए.सी.आर. वाढलेला असताना कज्जलीयुक्त कल्प आम्ही देत नाही; शोधन-मारण कितीही काटेकोर असले तरी. सांधेदुखीसाठी रुग्ण परस्पर घेत असलेल्या डायक्लोफेनॅकची चौकशी मात्र आवर्जून करावी. ती विचारल्याशिवाय सांगितली जात नाही.

ई-जी.एफ.आर. ३० च्या खाली, ए.सी.आर. ३०० च्या वर, किंवा काही महिन्यांतच गालनवेगात झपाट्याने घट, यांपैकी काहीही आढळल्यास वृक्करोगतज्ज्ञाकडे पाठवण्यास विलंब करू नये. मूत्रात रक्तपेशी असतील, किंवा नेत्रपटल निर्दोष असूनही अल्ब्युमिन फार असेल, तर विकाराचे कारण मधुमेहाहून वेगळे असण्याची शक्यता धरावी. पाठवताना चिठ्ठीत रुग्णाला आपण दिलेल्या प्रत्येक कल्पाचे नाव, मात्रा आणि कालावधी लिहावा. नुसते ‘आयुर्वेदिक औषध चालू’ एवढे लिहिल्याने समोरच्या चिकित्सकाला काहीच कळत नाही.