शेजारची लेन खरंच पुढे जाते का?

घोडबंदर रोडवर गाड्या तुंबल्या की शेजारचीच लेन पळतेय असं वाटतं ना? डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी या संशोधकांनी १९९९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात याचं फार सुंदर उत्तर दिलंय. दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला तरी, आपली लेन सुटते तेव्हा शेजारच्या खेटून उभ्या गाड्या आपण झरकन मागे टाकतो आणि त्या नजरेआड होतात. त्यांची लेन सुटली की मात्र गाड्या अंतर ठेवून एकेक करत जातात, त्यात जास्त वेळ जातो, वर त्या समोर दिसतही राहतात. त्यामुळे मागे पडल्याचंच मनात बसतं.

लेन बदलायची जागा शोधत आरशात बघत राहिलात, तर पुढच्याचा ब्रेकलाइट नजरेतून निसटतो, हे मात्र नक्की!