जुन्या मोटारीचा फेरेमापक

इंजिनाचा मुख्य दांडा मिनिटाला किती फेरे घेतो हे दाखविणाऱ्या यंत्राला टॅकोमीटर म्हणतात. गॅरेजमध्ये ‘आरपीएम मीटर’ म्हटले की भागते. आम्ही त्याला फेरेमापक म्हणू. जुन्या फियाट, पद्मिनी किंवा अँबॅसडर गाड्यांत तो बहुधा मागाहून बसविलेला असतो, आणि तो खोटी साक्ष देऊ लागला की मालकाच्या खिशाला चाट बसते.

ती कशी, ते पाहू. हुतात्मा बाबू गेनूंच्या महाळुंगे पडवळ गावातील एखादी जुनी मोटार घोडेगावमार्गे भीमाशंकरची चढण चढते, तेव्हा मुरलेला चालक काट्याकडे पाहतच नाही. गिअर केव्हा बदलायचा ते त्याला कान सांगतो. खरे नुकसान गॅरेजात होते. गाडी उभी असताना इंजिन 800 फेऱ्यांवर ठीक चालले आहे, पण काटा 1200 दाखवितो. मिस्त्री स्क्रू फिरवून वेग उतरवितो. मग गाडी प्रत्येक थांब्यावर बंद पडू लागते, कार्ब्युरेटर उघडला जातो, सुटे भाग बदलले जातात. आणि इंजिन तर मुळात निरोगीच होते! म्हणून साक्षीदाराची उलटतपासणी आधी करावी.

पेट्रोल गाडीतील विजेचा फेरेमापक ठिणग्या मोजतो. चार सिलिंडरांच्या इंजिनात दर सिलिंडरला दोन फेऱ्यांत एक ठिणगी मिळते, म्हणजे दर फेऱ्याला एकूण दोन. सहा सिलिंडरांत तीन. जुन्या बाजारातून सहा सिलिंडरांचा मीटर आणून चारच्या गाडीला जोडला, तर 3000 फेऱ्यांना तो 2000 दाखवील. काही मीटरांच्या पाठीला सिलिंडरांची संख्या निवडण्याची कळ असते. ती प्रथम पाहावी.

खरा वेग कळावा कसा? चमकती पट्टी चिकटवून प्रकाशाने फेरे मोजणारे उपकरण मिळते. पण ते नसले तरी अडत नाही. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची असते, आणि जुन्या चोकची ट्यूबलाइट त्यामुळे सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ग्रामोफोनच्या तबकडीचा वेग पूर्वी याच युक्तीने, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या चकतीवर, तपासला जाई. इंजिनाच्या पुढल्या पुलीवर खडूची एकच ठळक रेघ ओढावी व अंधाऱ्या जागी ट्यूबच्या उजेडात पाहावे. इंजिन 1500 वर असेल तर चार रेघा स्थिर उभ्या दिसतात, 2000 वर तीन, 3000 वर दोन. (6000 ला रेघांच्या संख्येने भागावे, की झाले.) रेघा हळूहळू सरकत असतील तर वेग किंचित कमी-जास्त आहे. हल्लीचे एलईडी दिवे बहुधा असे लुकलुकत नाहीत, आणि जनरेटरची वीज या कामी भरवशाची नाही.

येथे एक धोका आहे. ज्या उजेडात रेघ स्थिर दिसते, त्याच उजेडात फिरता पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो. हात, उपरणे, पदर दूर ठेवावा. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. आणि गॅरेजचे दार सताड उघडे, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

आता 1500 व 3000 या दोन्ही ठिकाणी काट्याचे आकडे लिहून घ्यावेत. 1800 व 3600 आले, तर चूक प्रमाणातली आहे. 1800 व 3300 आले, तर काटा आपल्या आसावर सरकला आहे. हेडलाइट लावताच आकडा बदलला, तर मीटरकडे न वळता अर्थिंगची तार घासून घट्ट करावी. आमच्या मते निम्मी दुखणी येथेच बरी होतात. काटा थरथरत असेल तर सैल जोड किंवा पॉइंट पाहावेत.

प्रमाणातली चूक मात्र मीटरमध्येच दुरुस्त होते. पुष्कळ मीटरांच्या पाठीला, रबरी बुचाखाली, एक बारीक स्क्रू असतो. इंजिन चालू ठेवून तो केसभर फिरवावा, 3000 जुळवावे, मग 1500 पुन्हा तपासावे. जुळविलेला काटा काही दिवसांत पुन्हा ढळला, तर आतील कंडेन्सर वाळला आहे, तो बदलावा.

डिझेल ट्रॅक्टरला ठिणगीच नसते. तेथे पुष्कळदा केबल एक चुंबक फिरविते, चुंबक अॅल्युमिनियमच्या वाटीला ओढतो व बारीक स्प्रिंग तिला आवरते. चुंबक म्हातारा झाला की काटा कमी दाखवितो, स्प्रिंग सैलावली की जास्त. द्राक्षबागेवर फवारणी करताना मागील दांड्याचे 540 फेरे याच काट्यावरून साधतात, तेव्हा औषधाचा हिशेबही त्याच्यावर आला. खडूची रेघ पुलीवर येथेही चालते. स्प्रिंगला हात मात्र घड्याळजीनेच लावावा.