सोडा पाण्यात घाला, पाणी सोड्यावर नको

आपल्या कट्टा पंचक्रोशीत नारळाला तोटा नाही. त्यामुळे खोबरेलाचा साबण करून विकावा, असं गटाच्या बैठकीत कधी ना कधी निघतंच. साबणाला कॉस्टिक सोडा लागतो. तो पाण्यात पडला की चूल नसतानाही पाणी कढत होतं. ही उष्णता येते कुठून, ते आज बघूया.

मीठ घ्या, सोडा घ्या, नाहीतर कल्हईवाल्याचा नवसागर घ्या. या सगळ्यांच्या खड्यात अधिक आणि उणे भाराचे कण एकमेकांना घट्ट धरून बसलेले असतात. या कणांना आयन म्हणतात. खडा विरघळायचा तर ही पकड सुटायला हवी, आणि त्याला उष्णता खर्च होते. सुटलेल्या प्रत्येक कणाभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात, तेव्हा उष्णता जमा होते. म्हणजे आपल्या गटाच्या वहीसारखाच हा जमाखर्च! उरलेल्या शिलकीला किंवा तुटीला शास्त्रात एन्थाल्पीतला बदल म्हणतात.

मिठात साधारण ५८ ग्रॅमला ७८७ किलोज्यूल खर्च आणि ७८३ जमा. तूट फक्त चारची, म्हणून पाणी गार झालेलं हाताला कळतही नाही. नवसागरात तूट मोठी, पेला बाहेरून गार लागतो. सोड्यात मात्र भरपूर शिलक उरते. ४० ग्रॅम सोड्यातून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता निघते; तेवढ्यात अर्धा लिटर पाणी वीसेक अंशांनी तापतं.

मग तुटीत असूनही मीठ विरघळतं कसं? कारण कणांना पाण्यात सगळीकडे पसरायला वाव मिळतो. छोटी तूट त्यापुढे टिकत नाही.

तूट इतकी लहान असल्यानं पाणी तापवलं तरी मीठ फारसं जास्त विरघळत नाही. १०० ग्रॅम गार पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मावतं, उकळत्यात ३९. म्हणून पाणी गार करून मीठ खाली बसत नाही. १९३० च्या सत्याग्रहात गाजलेल्या शिरोड्याच्या मिठागरांतही उन्हानं पाणी आटल्यावरच मीठ हाती येतं.

आता साबणाकडे वळूया. एक किलो खोबरेलाला साधारण १७० ग्रॅम सोडा लागतो. तो थोड्या पाण्यात विरघळवला तर पाणी ८० अंशांच्या वर जाऊ शकतं. सोड्यावर पाणी ओतलं, तर सगळी उष्णता पहिल्या चार थेंबांना मिळते. ते जागच्या जागी उकळतात आणि सोड्यासकट तोंडावर उडतात. म्हणून आधी गार पाणी घ्या, मग त्यात चमच्याचमच्यानं सोडा घालत ढवळा. काम उघड्या पडवीत करा, पोरांना लांब ठेवा, हातमोजे आणि चष्मा घाला. भांडं स्टीलचं हवं. ॲल्युमिनियमचं नको, सोडा ते खातो आणि पेट घेणारा वायू सुटतो.

अंगावर उडालाच तर भिजलेले कपडे काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटं धुवा. लिंबू किंवा व्हिनेगर चोळू नका. आम्ल आणि सोडा भेटले की आणखी उष्णता निघते. डोळ्यात गेला तर धुवून लगेच दवाखाना गाठा.

पुढच्या बैठकीत वही उघडाल, तेव्हा सोड्याची ही शिलकही आठवा.