माळव्याची अफू आणि चीनचे करार

अफूचे युद्ध म्हटले की कँटनचे बंदर डोळ्यांसमोर उभे राहते. शाळेतील इतिहासाची पुस्तकेही तेथूनच प्रारंभ करतात. परंतु चीनच्या किनाऱ्यावर उतरणाऱ्या पेट्यांपैकी कितीतरी पेट्या आपल्या माळव्यातून, म्हणजे शिंदे, होळकर आणि धार-देवासचे पवार यांच्या मुलखातून गेलेल्या असत. त्या मालावर अधिकार कोणाचा, हा तंटा पाऊणशे वर्षांहून अधिक काळ चालला, आणि त्यात संस्थानांचा शब्द हळूहळू कसा नाहीसा झाला हे पाहण्यासारखे आहे.

देवासच्या थोरल्या व धाकट्या पातीने १२ डिसेंबर १८१८ रोजी, आणि धारच्या दरबाराने १० जानेवारी १८१९ रोजी इंग्रजांशी तह केले. गादी राहिली, मुलकी कारभार राहिला. मात्र इंग्रजांना वगळून दुसऱ्या कोणत्याही राज्याशी बोलणे करण्याचा अधिकार गेला. पुढील सारी कथा या एका कलमात आहे.

बंगालमध्ये अफूचा मक्ता कंपनीचाच होता. माळव्यात तसे नव्हते. जमीन संस्थानिकांची, कष्ट कुळांचे आणि भांडवल सावकारांचे. पावसाळा सरल्यावर विहिरीच्या पाण्यावर खसखस पेरावयाची, माघ-फाल्गुनात बोंडांना चिरे द्यावयाचे, रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घ्यावयाचा आणि तो जवसाच्या तेलात ठेवावयाचा. पुढे व्यापारी त्याचे गोळे वळून पेट्या भरी. एका पेटीत सुमारे ६० किलो माल राही. हा माल चीनमध्ये बंगालच्या अफूहून स्वस्त पडू लागला, तेव्हा कलकत्त्याच्या लिलावाची कंपनीला चिंता वाटू लागली.

मग करारनामे आले. १८२४ ते १८२६ या काळात होळकर, उदेपूर इत्यादी दरबारांकडून कंपनीने कबुलती घेतल्या: अफू कंपनीलाच विकावी, लागवड मर्यादित ठेवावी, चोरटी वाहतूक अडवावी आणि मोबदल्यादाखल ठरीव रक्कम घ्यावी. शिंद्यांनी मात्र सही केली नाही. माळव्यात या संस्थानांचे परगणे एकमेकांत इतके गुंतलेले होते की, एका गावी बंदी तर ओढ्यापलीकडे मोकळीक! व्यापारी पाली, जैसलमेरवरून वाळवंट ओलांडून कराचीस जात आणि तेथून गलबताने पोर्तुगीजांच्या दमणास. एवढा वळसा घालूनही नफा उरत असे. चौक्यांनी शेतकरी व प्रवासी मात्र विनाकारण हैराण झाले.

अखेर लॉर्ड बेंटिंकच्या अमदानीत कंपनीने हा नाद सोडला आणि १८३० पासून परवान्याची पद्धत काढली. दर पेटीस १७५ रुपये भरा आणि माल उघडपणे मुंबईस न्या. १८३५ मध्ये हा दर १२५ वर आला; परंतु १८४३ मध्ये सिंध घेऊन कराचीची वाट बंद केल्यावर तो चढत गेला व १८४७ मध्ये ४०० झाला. माझ्या मते खरा विजय हाच होता. संस्थानिकाची सही आता लागतच नव्हती; वाट ज्याच्या हाती, कर त्याचा.

चीनमध्ये खाणींच्या सनदांवरून जे झाले ते याच्याशी ताडून पाहावे. १८९८ मध्ये पेकिंग सिंडिकेट या ब्रिटिश कंपनीने शान्सी प्रांतातील कोळसा व लोखंड काढण्याचा ६० वर्षांचा हक्क मिळविला. प्रांतातील प्रतिष्ठित मंडळी व विद्यार्थी खवळून उठले. ब्रिटिश वकिलात करारावर बोट ठेवून बसली. चीन दुबळा होता, युद्धे हरलेला होता, तरी त्याला परराष्ट्र खाते होते आणि वाटाघाटीला बसण्याचा हक्क होता. १९०८ मध्ये साडेसत्तावीस लक्ष टेल चांदी देण्याचे ठरवून त्याने तो हक्क परत घेतला.

त्याच सुमारास अफूचाही निकाल लागत होता. १९०७ मध्ये ब्रिटन व चीन यांच्यात ठरले की, हिंदुस्थानातून बाहेर जाणाऱ्या ५१,००० पेट्यांत १९०८ पासून दरसाल ५,१०० पेट्यांची घट करावी. चीननेही आपली लागवड त्याच प्रमाणात कमी करावी. अफू हे विष होते आणि तिच्याविरुद्ध ख्रिस्ती मिशनऱ्यांनीही वर्षानुवर्षे चळवळ केली होती. तो व्यापार थांबला हे योग्यच झाले. पण ज्यांच्या मुलखात ती पिकत होती आणि ज्यांच्या खजिन्यात तिचा सारा येत होता, ती संस्थाने त्या करारात पक्षकार नव्हती. जो हक्क १८१८ व १८१९ मध्ये सोडला, तो जवळजवळ नव्वद वर्षांनी अशा रीतीने आठवला. १९१३ मध्ये चीनकडे जाणारी अफू थांबली आणि माळव्यातील विहिरींवरच्या उत्तम जमिनीला दुसरे पीक शोधावे लागले.