धम्म, विचार आणि दाखला

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असे जाहीर केले. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. तेव्हाच्या बावीस प्रतिज्ञांत ब्रह्मा-विष्णू-महेशांची उपासना न करण्यापासून दारू न पिण्यापर्यंत रोजच्या जगण्याचे नियम आहेत. ही झाली श्रद्धा. सत्ता आणि संपत्तीची वाटणी कशी व्हावी, हा प्रश्न विचारसरणीचा. त्यासाठी त्यांनी रिपब्लिकन पक्षाची कल्पना मांडली. तो १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात स्थापन झाला. धम्म मानणारे सगळे त्याच पक्षात राहिले नाहीत, आणि त्यात गैर काहीच नाही.

ओळखीचा मामला मात्र अधिक कठीण होता. माणसाने धर्म बदलला, पण गाव त्याची जात विसरले नाही. उलट दाखल्यावर ‘बौद्ध’ लिहिले, की केंद्राच्या अनुसूचित जातीच्या सवलती जात. हा उघड अन्याय होता. तो दूर करणारी कायद्यातील दुरुस्ती १९९० मध्ये, म्हणजे धर्मांतरानंतर ३४ वर्षांनी झाली. हा प्रश्न सर्वाधिक महाराष्ट्राचाच होता: २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाख महाराष्ट्रात होते.