अनुभव नाही, तरी एचआरमध्ये शिरायचं कसं?

आजचा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांचा आहे. "दादा, एचआरमध्ये जायचंय, पण सगळीकडे अनुभव मागतात. मग पहिला अनुभव मिळणार कुठून?"

मी स्वतः याच रांगेत उभा होतो. बी.कॉम. झाल्यावर पुण्यात एका क्लासच्या ॲडमिशन काउंटरवर तीन वर्षं काढली. बायोडेटात लिहायचो, 'मला माणसांशी बोलायला आवडतं'. एका मुलाखतीत मॅडम हसून म्हणाल्या, "ते सगळ्यांनाच आवडतं. पगाराची स्लिप वाचता येते का?" येत नव्हती. घरी परत.

त्याच सुमारास बाबांचा पीएफ अडकला. ते चाकणला एका ठेकेदाराकडे कामाला होते. आधारवरचं नाव आणि पीएफ खात्यावरचं नाव जुळत नव्हतं, म्हणून क्लेम सारखा रिजेक्ट व्हायचा. ठेकेदाराचा माणूस फोन उचलेना. इकडे बहिणीची फी भरायची होती. मग मीच यूएएन, केवायसी, जॉइंट डिक्लेरेशन हे सगळं समजून घेतलं, ठेकेदाराच्या ऑफिसात जाऊन बसलो, सह्या घेतल्या. चार महिन्यांनी पैसे आले. तेव्हा कळलं, एचआर म्हणजे नुसतं गोड बोलणं नाही. स्पेलिंगची एक चूक कुणाच्या तरी घरात फी थांबवते.

तर पहिलं काम, स्लिप वाचायला शिका. महाराष्ट्रातलं उदाहरण घेऊ. समजा एका मुलाचा ग्रॉस पगार २०,००० आणि त्यात बेसिक १५,०००. पीएफ बेसिकच्या १२ टक्के, म्हणजे १,८००. कंपनीही तेवढेच भरते, पण त्यातले १,२५० पेन्शनकडे जातात आणि ५५० पीएफमध्ये. ग्रॉस २१,००० च्या आत आहे, म्हणून ईएसआय लागू. त्याचे ०.७५ टक्के, म्हणजे १५०. प्रोफेशनल टॅक्स २००. हातात आले १७,८५०. फेब्रुवारीत मात्र शंभर कमी येतात, कारण वर्षाचे २,५०० पुरे करायला त्या महिन्यात ३०० कापतात. आणि याच पगारावर मुलगी असेल तर? प्रोफेशनल टॅक्स शून्य, कारण महिलांना २५,००० पर्यंत माफी आहे. एवढं कागद न बघता सांगता आलं, तर समोरचा खुर्चीत सरळ बसतो.

दुसरं, दार नीट निवडा. मोठ्या कंपनीत थेट 'एचआर एक्झिक्युटिव्ह' म्हणून घेणं अवघड असतं. त्यामानाने रिक्रूटमेंट कन्सल्टन्सी, पेरोल सांभाळणाऱ्या एजन्सी, एमआयडीसीतल्या कारखान्यांचं टाइम ऑफिस इथे नवख्याला संधी मिळते. मी कन्सल्टन्सीतून आत आलो. पगार क्लासपेक्षा कमी होता, खोटं कशाला बोलू. पण वर्षभरात भरती कशी चालते ते हाताखालून गेलं.

तिसरं, जुनं काम नव्या भाषेत मांडा. 'काउंटर सांभाळला' असं लिहू नका. रोज किती फोन केले, त्यातले किती जण प्रत्यक्ष आले, रेकॉर्ड कुठे ठेवलं, ते लिहा. रिक्रूटरचं कामही तेच आहे, फक्त विद्यार्थ्याच्या जागी उमेदवार. आकडे खरेच लिहा, कारण पुढचा प्रश्न त्यावरच येतो. सोबत एक्सेलमध्ये व्हीलूकअप आणि पिव्होट टेबल येऊ द्या. कारखान्याकडे जायचं असेल तर कामगार कायद्याचा डिप्लोमा उपयोगी पडतो, आणि तो नोकरी करतानाही होतो.

एक सावधगिरी. 'एचआरची नोकरी पक्की, आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा' असा फोन आला तर तिथेच ठेवून द्या. खरी कंपनी नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाही. माझा एक मित्र यात फसला, आणि लाजेपोटी सहा महिने घरी बोलला नाही.

आज रात्री एवढंच करा. घरात कुणाची तरी पगाराची स्लिप मागा आणि एकेक ओळ समजून घ्या. आई, काका, शेजारचा दादा, कुणीही चालेल. जी ओळ अडेल, ती मला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये तिथूनच सुरुवात करू. भेटूया!